दम धर

आमच्या घरी ‘दम धर’ हे शब्द मिठासारखे वापरले जातात. दम धर म्हणजे थांब जरा, घाई करू नको. दूध वर येऊ लागलं आणि कोणी धावलं की दम धर. तव्यावरची पोळी पुरती फुगायच्या आत कोणी उलथनं घातलं की दम धर. माझी आई म्हणायची, मी म्हणते, आणि माझा मुलगा, ज्याला मराठी सगळी समजते पण बोलायला तोंड उघडलं की हिंदीच बाहेर पडते, तोसुद्धा फोनवर आपल्या मुलीला हेच म्हणत असतो. दम म्हणजे श्वास आणि धर म्हणजे सोडू नको, असा त्याचा अर्थ होतो हे सत्तरीला टेकेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रोजच्या शब्दांना आपण कुठे उलटून पाहतो?

ते मला कळलं एका थंडीच्या सकाळी, आमच्याच स्वयंपाकघराच्या फरशीवर.

इकडे हिंदी मुलखात, विजय नगरात आमचं घर आहे. खालच्या मोठ्या खोलीत आम्ही पोळी-भाजीचे डबे करतो. आसपासच्या ऑफिसांत जातात, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांकडे जातात, बाहेरगावहून शिकायला आलेल्या मुलींकडे जातात. होळीला पुरणाच्या पोळ्या, आणि त्या वेळेला तर आमच्याकडे बोलायलाही कोणाला फुरसत नसते. काम करणारे आम्ही तिघं. पोळ्या लाटते आणि भाजते माझी धाकटी जाऊ. भाज्या, वरण, तळण हे सगळं भैयाकडे. आणि कणीक माझ्याकडे. आमचे हे बंदुकांच्या फॅक्टरीतून रिटायर झाले तेव्हापासून डब्यांना झाकणं लावतात आणि उरलेला वेळ पेपर वाचतात.

भैया मूळ शहपुऱ्याचा, आता बायकोबरोबर महाराजपुरला खोली घेऊन राहतो. पंचावन्न-छप्पन्नचा असेल. इतक्या वर्षांत मी त्याला नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. तो भैया, मी दीदी, आणि माझी जाऊ छोटी दीदी. साठी उलटल्यावरही कोणी छोटी म्हणतं याचं तिला फार सुख आहे. मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो, आणि आमचं कधी अडलं नाही. स्वभावानं माणूस सोन्यासारखा, पण घाई फार. तेल तापलं नाही तोवर वडे सोडील, चहा उकळला नाही तोवर गाळील. मग मी म्हणायची, “दम धरा भैया.” आणि तो तिकडून म्हणायचा, “धरे हैं दीदी, धरे हैं.” म्हणजे धरलाय, धरलाय. त्याला काय समजायचं देव जाणे. मराठीतलं ‘एक मिनट’ समजत असेल. आमचं हे रोजचंच होतं, रेडिओवर रोज त्याच वेळी तेच वाजावं तसं.

त्या सकाळी तो गावाहून मटारचं पोतं घेऊन आला. थंडीत शहपुऱ्याकडचा मटार म्हणजे काय विचारता, दाणा तोंडात टाकला की साखर. भावाच्या शेतातून आलेलं पोतं त्यानं खांद्यावरून उतरवलं, तोंड सोडलं, आणि बसायचं सोडून थेट गॅसकडे निघाला. चेहरा पांढरट दिसत होता. मला वाटलं, थंडीनं.

मी म्हटलं, “दम धरा भैया. चहा तर घ्या आधी.”

“धरे हैं दीदी, धरे...”

आणि तो पडला. लाकडाची फळी उभी असावी आणि कोणी सोडून द्यावी, तसा. पोत्यावर हात आपटला आणि सगळा मटार फरशीवर घरंगळत गेला.

जाऊनं आधी काय केलं असेल? गॅस बंद केला. एरवी मी तिला दहा गोष्टींवरून बोलते, पण हे तिचं मी कायम लक्षात ठेवलंय. मग तिनं फोन उचलून अ‍ॅम्ब्युलन्सला लावला आणि स्पीकरवर करून माझ्यासमोर धरला. हे फाटक उघडायला धावले. मी भैयाच्या बाजूला गुडघ्यांवर बसले होते आणि त्याचे गाल थोपटत होते. त्याच्या घशातून मधूनच घर्र असा आवाज निघायचा.

फोनवर एक बाई होती. आवाजावरून पोरसवदा. तिनं विचारलं, “साँस चल रही है?”

मी म्हटलं, “हओ, चल रही है. घोरतोय... खर्राटे ले रहे हैं.”

ती म्हणाली, “वो साँस नहीं है माताजी. ध्यान से सुनिए, छाती के बीच में हथेली रखिए.”

मला अजून आठवून अंगावर काटा येतो. मला कानांनी ऐकू येत होतं की माणूस घोरतोय, आणि कुठल्या तरी दुसऱ्या गावी बसलेली, आमच्यापैकी कोणालाही न पाहिलेली ती पोर मला सांगत होती की हा श्वास नाही. आणि तिचं खरं होतं. तळहाताचं मूळ मधोमध, त्यावर दुसरा हात, कोपर सरळ, आणि खांद्यांनी दाबायचं. जोरात दाबायचं, मग पूर्ण सोडायचं. ती सांगत गेली आणि मी करत गेले. आणि दोन-चारदा दाबल्यावर माझ्या लक्षात आलं की हे मला येतं.

कणीक मळणं वेगळं आणि तिंबणं वेगळं, हे पुरणपोळी करणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा. पुरणपोळीची कणीक सैल भिजवायची, तेल सोडायचं, आणि तळहाताच्या मुळानं दाबायची, सोडायची, दाबायची, सोडायची, ती रेशमासारखी ओढली जाईपर्यंत. त्यात बोटांचं काम नाही. हात सरळ ठेवून खांद्यांनी तिंबायचं असतं. माझ्या आईनं मला परातीपुढे गुडघ्यांवर बसवून हेच शिकवलं होतं. आता समोर परात नव्हती, आणि माझे हात तेच करत होते.

फोनमधली म्हणाली, “गिनती बोलिए, ज़ोर से.”

जन्मभर पोळ्या मोजल्या, पण त्या वेळी एक आकडा तोंडात येईना. ना मराठीतला, ना हिंदीतला. जे आलं ते हे, “दम धर. दम धर. दम धर.” दम म्हणताना दाबायची, धर म्हणताना सोडायची. माझं मलाच ऐकू येत होतं आणि थांबवता येत नव्हतं. जाऊ रडत-रडत म्हणाली, “ताई, त्या गिनती म्हणून राहिल्या.” पण फोनवाली म्हणाली, “नहीं, यही ठीक है, यही स्पीड है. जो बोल रही हैं, बोलते रहिए.”

मध्ये एकदा माझ्या हाताखाली ‘कट’ असा आवाज झाला. बारीक. चणे भाजताना एखादा फुटतो तेवढाच. मी थांबले. मी ओरडले की काहीतरी मोडलं. ती पोर म्हणाली, “मोडू दे” असं नाही, पण त्याच अर्थाचं काहीतरी, आणि म्हणाली, रुकिए मत. मग मी थांबले नाही.

अ‍ॅम्ब्युलन्सची दोन माणसं आली, त्यांनी मला बाजूला केलं, छातीला चिकटपट्ट्या लावल्या, मशीन लावलं, सगळ्यांना दूर व्हायला सांगितलं. भैयाचं सगळं अंग एकदा उसळलं. मग त्यातला एक जण पुन्हा दाबत राहिला, दुसरा मानेवर बोटं ठेवून होता. आणि मग तो मानेवर बोटं ठेवलेला माणूस हळूच म्हणाला, “आ गई.”

मी दाराकडे पाहिलं. मला वाटलं, त्याची बायको आली. मनात म्हटलं, अरे देवा, आता तिला काय सांगू? दारात तर आमचे हेच उभे, फाटकाची कडी हातात धरल्यासारखी मूठ आवळून. मी विचारलं, “कोण आली?” तो माणूस हसला नाही. म्हणाला, “नब्ज, अम्मा. नब्ज आ गई.”

नाडी आली होती. कुठून आली? कुठे गेली होती? आजही मला या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही आणि आता ते कोणी सांगावं असंही वाटत नाही. डॉक्टर सांगतील विजेचं आणि हृदयाचं, ते बरोबरच असणार. पण मी त्या खोलीत होते. एक माणूस होता, मग नव्हता, मग परत होता. पाहुणा विसरलेली छत्री न्यायला परत यावा तशी त्याची नाडी दारातून आत आली.

ते त्याला घेऊन गेले. मी तशीच बसून. जाऊ म्हणाली, “ताई, उठा, तुमच्या गुडघ्यांखाली मटार आहे सगळा.” माझ्या साडीवर दोन हिरवे गोल उमटले होते. ते डाग अजून गेलेले नाहीत. मीही फार घासले नाहीत.

दवाखान्यातून बातमी आली की भैया जिवंत आहे, हृदयाची नळी उघडलीय, बोलू लागलाय. मग तर आमच्याकडे रीघ लागली. कॉलनीतले लोक खोव्याची जिलबी घेऊन आले. समोरच्या घरातल्या वहिनी मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणू लागल्या. मी हसले, सगळ्यांना चहा केला, सगळी हकिकत सांगितली, आणि ‘कट’ तेवढा गाळून सांगितली.

आणि दुसऱ्या दिवशी कणीक मळायला बसले.

पीठ चाळलं, मीठ-तेल घातलं, पाणी घातलं, गोळा केला. इथवर ठीक. मग तळहाताचं मूळ टेकवून दाबलं. कणीक खाली गेली आणि मी हात उचलल्यावर हळूहळू परत वर आली. रोज येते. इतकी वर्षं येत होती. पण त्या दिवशी ती वर येताना मी पाहिली आणि माझे हात जागच्या जागी थांबले. छाती अशीच वर येत होती. आपोआप, माझ्या हाताला परत ढकलत. आणि मला वाटलं, आता पुढच्या दाबण्याला ‘कट’ होणार.

मी हात धुतले.

जाऊ पोळपाट मांडत होती. म्हणाली, “काय झालं? पाणी जास्त झालं का?”

“मला नाई होत.”

“काहून नाई होत?”

“तू कर.”

“माझं मनगट माहीत नाई का तुम्हाला? मी लाटीन का मळीन?” मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. “चलो, राहू द्या. आज करते मी.”

एक दिवस होईल, दोन दिवस होईल, असं तिलाही वाटलं आणि मलाही. पण परात समोर आली की तेच. हात पाण्यात घालायचे, भाजीत घालायचे, कुठेही घालायचे, पण कणकेत जाईनात. मला याची लाजही वाटायची. माणूस जगला, मग हिला काय झालं, असं लोक म्हणतील. आणि भीती वाटायची ती वेगळीच. हे हात म्हणजे माझं सगळं. शाळा मी आठवीत सोडली, पुढचं जे काही शिकले ते या हातांनी आणि हाती लागेल ते वाचून. हे कणकेत परत गेले नाहीत तर मी सकाळी उठून करणार काय?

एका सकाळी खाली आले तर आमचे हे परातीपुढे. बाह्या वर, चष्मा नाकावर, शेजारी मापाचं भांडं. फॅक्टरीत एखादा सुटा भाग तासावा तसे कणीक मळून राहिले होते. पाणी घालायचे, वाकून बघायचे, पुन्हा चमचाभर घालायचे. जाऊ तोंडाला पदर लावून हसत होती. “भाऊजी, ती कणीक आहे, बंदूक नाई.” त्या दिवशीच्या पोळ्या कडेकडेला तडकल्या, पण एकही डबा परत आला नाही, आणि हे दिवसभर त्याचा उल्लेख करत राहिले.

दुपारी त्यांनी माझ्यासमोर मटारची टोपली आणून ठेवली. म्हणाले, “सोल.”

“मला घरात बसवता काय आता?”

मग ते सांगू लागले. हा माणूस कामावरचं कधी घरी बोलला नाही, आणि त्या दिवशी बोलला. त्यांच्या शॉपमध्ये, म्हणजे फॅक्टरीतल्या मशीनच्या शेडमध्ये, कोणाला अपघात झाला की जो सगळ्यात जवळ होता, ज्यानं उचललं, धरलं, त्याला दुसऱ्या दिवशी मशीनवर बसवत नसत. पण घरीही पाठवत नसत. म्हणाले, घरी गेला की आठ दिवसांनी येतो आणि दारातूनच परत फिरतो. त्याला शॉपमध्येच ठेवायचं, सगळ्यांमध्ये, आणि हलकं काम द्यायचं. लोखंडाचा कीस झाडायचा. हत्यारं पुसायची. मशीनच्या जवळ राहायचं पण मशीनला हात लावायचा नाही, जोवर तो स्वतः हात लावत नाही तोवर. “कोणी सांगायचं नाही त्याला,” ते म्हणाले. “हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण सगळे पाळायचे.”

“तुम्हाला कधी झाडायला लावलं होतं?”

“एकदा,” ते म्हणाले, आणि पेपर उघडला. इतकी वर्षं संसार केला या माणसाशी, आणि हे मला माहीत नव्हतं.

तर मी ती सगळी थंडी मटार सोलला. परातीपासून हातभर दूर बसून. संक्रांतीला गुळपोळ्यांच्या ऑर्डरी आम्ही घेतल्याच नाहीत. लोकांना सांगितलं, यंदा माफ करा. लोकांनी केलं.

सोलता-सोलता मी बघत बसायची. काय बघायची सांगू? श्वास. हे दुपारी आरामखुर्चीत झोपले की पोटावरचा पेपर वर जायचा, खाली यायचा. फाटकाजवळ उन्हात कुत्रं पडलेलं असायचं, त्याच्या बरगड्या. जाऊ लाटताना श्वास रोखते आणि पोळी तव्यावर टाकली की सोडते, हे मी तिच्याबरोबर इतकी वर्षं काम करूनही पाहिलं नव्हतं. सगळीकडे हे चाललंय, अखंड, कोणी चालवत नाही, कोणी आठवण करून देत नाही. आणि आपण त्यात बसून भाजीत मीठ कमी पडलं म्हणून भांडतो. मी कोणाला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी म्हटलं असतं, म्हातारीला धक्का बसलाय. बसलाही असेल. पण भीतीबरोबर आत आणखी काहीतरी आलं होतं, आणि ते देवळात गाभाऱ्यापुढे उभं राहिल्यावर वाटतं तसं होतं. आवाज करू नये असं.

दोन शब्द मात्र गेले. ‘दम धर’ माझ्या तोंडून निघेना. समोर दूध उतू गेलं, मी बघत राहिले, सगळं ओट्यावर. जाऊ ओरडली, “ताई! सांगायचं तर!” मी कसं सांगणार? सांगायला तेच दोन शब्द होते.

तिचंही काही वेगळंच चाललं होतं, ते मला उशिरा कळलं. भैया जिथे पडला होता त्या जागी तिनं पिठाचा मोठा डबा सरकवून ठेवला होता. अगदी वाटेत. सगळ्यांना वळसा घालून जावं लागायचं. हे दोनदा ठेचकाळले, पण डबा कोणी हलवला नाही आणि काहून ठेवला असं कोणी विचारलं नाही.

थंडी उतरू लागली तेव्हा आम्ही दोघं भैयाला बघायला शहपुऱ्याला गेलो. दवाखान्यातून सुटल्यावर तो भावाकडे राहायला गेला होता. अंगणात खाटेवर बसला होता, शाल घेऊन, वाळलेला. त्याची बायको धावत आली आणि तिनं माझे दोन्ही हात धरले, धरूनच ठेवले. मला हात सोडवून घ्यावेसे वाटले आणि सोडवून घ्यावेसे वाटलेही नाहीत.

मी भैयाला विचारलं, “कसं वाटतंय?”

“बढ़िया हैं दीदी. बस ये पसली दुखती है. छींक आए तो जान निकलती है. पता नहीं किसने मारा है.”

मी म्हटलं, “मी.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याची बायको पदराआडून हसायला लागली, मग तो हसला, मग बरगडी धरून “अरे मत हँसाओ” म्हणू लागला. त्या ‘कट’चा मी मनात दगड करून ठेवला होता, आणि इथे त्यावर घर हसून राहिलं होतं.

पण खरी गोष्ट पुढे होती. त्याला काहीच आठवत नव्हतं. आदल्या संध्याकाळी भावानं पोत्याचं तोंड शिवलं, ते आठवत होतं. मग एकदम दवाखान्याचं छत. मधली सकाळ नाही. बस नाही, आमचं फाटक नाही, मी नाही, “धरे हैं दीदी” नाही. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं, ते परत यायचं नाही.

परत येताना गाडीत ह्यांनी एकदा ‘काय झालं’ विचारलं आणि सोडून दिलं. मी विचार करत होते की त्याच्या आयुष्यातला तो तुकडा त्याच्याकडे नाहीच. तो माझ्याकडे आहे. त्याचं मरणं आणि त्याचं परत येणं, दोन्ही माझ्या हातांत आहे, आणि ज्याचं आहे त्याला ते माहीतही नाही. म्हणून का हे हात दुसरं काही घेत नव्हते? मला शास्त्र माहीत नाही. पण आंब्यांची करंडी कोणी आपल्याकडे ठेवायला दिली तर ती उतरवल्याशिवाय दुसरं सामान उचलता येत नाही, एवढं समजतं.

होळी जवळ आली. जाऊनं मला न विचारता पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेऊन टाकल्या.

मी म्हटलं, “आणि तिंबणार कोण? हे? मापाच्या भांड्यानं?”

“बघू,” ती म्हणाली. “नाई झालं तर पुरण नुसतं वाटून देऊ सगळ्यांना, चमच्यानं खातील.”

होळीच्या आधीच्या सकाळी तिनं कणीक सैल भिजवली, ओलं फडकं झाकलं, आणि परात माझ्या मटारच्या जागेपाशी आणून ठेवली. मटारचा हंगाम तर केव्हाच संपला होता. मी नुसतीच बसले होते, हात मांडीवर. तिकडे हरभऱ्याची डाळ शिजत होती. तेवढ्यात फाटक वाजलं आणि भैया आला, बायकोला बरोबर घेऊन. काम करायची त्याला परवानगी नव्हती. नुसतं बघायला आलो म्हणाला, घरी बसवत नाही.

दारातून आत आला आणि थबकला. “ये डब्बा बीच में कौन रखा है?”

जाऊनं तव्याकडे तोंड फिरवलं. त्यानं एका हातानं डबा ढकलायला सुरुवात केली, बायको ओरडली, मग ह्यांनी उठून तो भिंतीशी सरकवला. आणि भैया खाली बसला. बरोबर त्याच जागी, फरशीवर पाय पसरून. त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. खिडकीतून तिथे ऊन येतं, म्हणून बसला असेल. मी त्या फरशीकडे बघत होते, आणि तिच्यावर बसलेल्या माणसाची शाल छातीवर वर जात होती, खाली येत होती.

तो म्हणाला, “दीदी, उस दिन क्या हुआ था? सब अपना-अपना बताते हैं. आप बताओ.”

मग मी सांगितलं. पोतं कसं उतरवलंस, तोंड पांढरं होतं, मी चहा घ्या म्हटलं, तू कसा पडलास. जाऊनं गॅस बंद केला. फोनवाली पोर. मी घोरतोय म्हटलं आणि ती म्हणाली ती साँस नाही. मी त्याला अरे-तुरे करत होते, एरवी करत नाही. त्याची बायको ओठांवर पदर दाबून ऐकत होती. मी ‘कट’ही सांगितला. “आ गई” सांगितलं, आणि मी दाराकडे तुझी बायको आली म्हणून पाहिलं तेही. ती हसली आणि रडली.

त्यानं विचारलं, “और दबाया कैसे? इतनी ताकत कहाँ से लगाई?”

“कसं म्हणजे? असं.”

फडकं मी केव्हा काढलं मला सांगता येणार नाही. तळहाताचं मूळ मधोमध, त्यावर दुसरा हात, कोपर सरळ. “असं दाबायचं, खांद्यांनी. मग पूर्ण सोडायचं. गिनती येईना मला, मग मी म्हणत होते, दम धर. दम धर. दम...”

कणीक खाली गेली आणि वर आली. खाली गेली आणि वर आली. मऊ, थंड, जिवंत.

“दम धर,” मी पुन्हा म्हटलं, आता मुद्दाम.

उन्हात बसलेला भैया डोळे मिटून ऐकत होता. पहिल्यांदाच ऐकत असावा तसा. मग हळू म्हणाला, “धरे हैं दीदी. धरे हैं.”

मी दाबत राहिले. हे झाकण हातात धरून उभे. डाळ शिजली होती, आणि जाऊला होळीच्या ऑर्डरी दिसत होत्या.

“ताई,” ती म्हणाली, “दाखवून झालं असेल तर तेल सोडा त्यात. वरून सुकून राहिली कणीक.”